ड्यूररने रेखाटलेली आई

बर्लिनच्या संग्रहालयात कोळशाने काढलेले एक रेखाचित्र जतन केलेले आहे. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन कलावंताने मार्च १५१४ मध्ये आपल्या आजारी आईला, बार्बराला, समोर बसवून ते काढले. तिचे वय ६३. अठरा बाळंतपणे झालेली, त्यांतून जगून मोठी झालेली मुले अवघी तीन.

रूढ अर्थाने हे चित्र सुंदर नव्हे. कपाळावर सुरकुत्यांची दाटी, गालफडे बसलेली, गळ्याची हाडे उघडी पडलेली. दोन्ही डोळ्यांची नजरही एका रेषेत नाही. पुत्राने मातेला असे दाखवावे काय, असे काही वाचक विचारतील. आपल्या दिवाणखान्यांतील दिवंगतांच्या तसबिरींवरून छायाचित्रकार सुरकुत्या पुसून काढतो, आणि त्याने आपले समाधानही होते. आम्हांला मात्र ड्यूररच्या रेषेत अधिक आदर दिसतो. त्या चेहऱ्यावर जे लिहिले गेले होते, त्यातले एक अक्षरही त्याने गाळले नाही.

ड्यूरर सोनाराचा मुलगा. तेराव्या वर्षी, १४८४ मध्ये, त्याने चांदीच्या टोकाने स्वतःचे चित्र काढले होते. ते टोक एकसारखी बारीक रेघ देते. कितीही दाबले तरी ती फारशी गडद होत नाही. कोळशाचे तसे नाही. जळलेल्या लाकडाची ती कांडी हलकी धरली तर धूसर छाया पडते, दाबली तर काळीकुट्ट रेघ उमटते. हाताचे थबकणे, त्याची घाई, सारे कागदावर उतरते. आईच्या डोक्यावरील वस्त्र ड्यूररने चार-दोन सैल फटकाऱ्यांत उरकले आहे. डोळ्यांपाशी आणि मिटलेल्या ओठांपाशी हात रेंगाळला आहे.

कोळसा चोळून काळोख केला की गांभीर्य आपोआप येते, अशा समजुतीची चित्रे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. (त्यांत प्रदर्शनांत वाखाणलेलीही आहेत.) ड्यूरर चोळत बसत नाही. त्याची रेघ रेघच राहते, म्हणून दुःख सांगितले जात नाही, दिसते.

कागदावर त्याने कोळशानेच उपवासकाळातील तिसऱ्या रविवारची नोंद केली, आणि ही आपली आई, असे लिहिले. मे महिन्यात ती वारली. तिच्या अंतसमयी आपण प्रार्थना म्हटली, असे त्याने आपल्या टिपणात नमूद केले आहे. पुढे त्याने हाच कागद पुन्हा हाती घेतला आणि तिच्या मृत्यूचा दिवस व घटका त्यावर लिहिली. या वेळी मात्र शाईने.