दार नसलेलं घर आणि घटसर्पाचा जिवाणू : एका पेपरचं वाचन

पावसाळा तोंडावर आला की शनिशिंगणापूरच्या आसपासच्या गोठ्यांत एकच विचारणा असते, घटसर्पाची लस टोचली का? हा गाई-म्हशींचा घटसर्प. माणसांच्या घटसर्पाशी, म्हणजे डिप्थेरियाशी, त्याचा संबंध नाही. गळा सुजतो, ताप चढतो आणि म्हैस कधीकधी दिवसभरातच जाते. कारण पाश्चुरेला मल्टोसिडा हा जिवाणू, आशियात मुख्यतः त्याचा बी:२ प्रकार. यातला 'बी' म्हणजे कॅप्सूलचा प्रकार, पेशीबाहेरचं शर्करेचं आवरण.

पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये मी ठोकून दिलं होतं, "कॅप्सूल असली की जिवाणू रोगकारक." गाईडनी एवढंच विचारलं, "कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग जॉन बॉइस आणि बेन अ‍ॅडलर यांचा २००० सालचा 'इन्फेक्शन अँड इम्युनिटी'मधला पेपर नीट वाचला. रिसर्चला येणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा, आणि थोडं भांडत वाचावा.

त्यांनी काय केलं? एम१४०४ या बी:२ स्ट्रेनमधलं सेक्सए हे जीन मोडलं. हे जीन कॅप्सूल पेशीबाहेर नेण्याच्या यंत्रणेतलं. कॅप्सूल गेली. मग चांगलं जीन परत दिलं आणि कॅप्सूल परत आली. याला कॉम्प्लिमेंटेशन म्हणतात. मूळ, म्युटंट आणि दुरुस्त केलेला, असे तिन्ही उंदरांच्या पोटात टोचले. मूळ जिवाणू भराभर वाढला. म्युटंट रक्त, प्लीहा आणि यकृतातून साफ झाला. मॅक्रोफेज पेशी म्युटंटला सहज गिळत होत्या, मूळ जिवाणूला नाही. 'दोन गोष्टी सोबत दिसतात' इथून 'एक काढली की दुसरी कोसळते' इथपर्यंत येणं, ही या पेपरची ताकद.

पण मला सगळ्यात आवडतो तो निकाल वेगळाच. गाईच्या आणि उंदराच्या सीरममधल्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांनी (नावावरून गोंधळू नका, वरच्या कॉम्प्लिमेंटेशनशी यांचं नातं नाही) म्युटंटही मेला नाही! शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, तरी लोक निर्धास्त असतात. राखण शनिदेव करतात, अशी त्यांची श्रद्धा. इथेही तसंच. दार काढलं तरी एका शत्रूपासूनचं संरक्षण शाबूत राहिलं. म्हणजे ते दारामुळे नव्हतंच. कॅप्सूल वाचवते ती गिळल्या जाण्यापासून, सगळ्यापासून नाही.

आता माझे आक्षेप.

पहिला, उंदीर म्हणजे म्हैस नव्हे. गोठ्यात हा जिवाणू नाकातोंडातून शिरतो. इथे तो थेट पोटात टोचला. त्यामुळे घशात ठाण मांडताना कॅप्सूल मदत करते की आड येते, हे या प्रयोगातून कळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा. मोडली ती निर्यात, निर्मिती नाही. मग शर्करा पेशीत साठून जिवाणू त्या ओझ्याने तर दुबळा झाला नसेल? कॉम्प्लिमेंटेशनने हा प्रश्न सुटत नाही, कारण जीन परत दिलं की आवरणही येतं आणि ओझंही उतरतं. शर्करा बनवणारंच जीन मोडलेला दुसरा म्युटंट शेजारी ठेवला, तर फरक कळेल.

तिसरा आक्षेप पेपरवर नाही, आपल्यावर आहे. त्यांनी शीर्षकात स्ट्रेनचं नाव घातलंय. आपण नोट्स काढताना ते गाळतो आणि 'कॅप्सूल म्हणजे रोग' एवढंच उरवतो. याच जिवाणूच्या 'ए' प्रकारालाही कॅप्सूल असते, पण तो कोंबड्यांना कॉलरा करतो. म्हणजे आजार कुणाला आणि कुठला, हे नुसतं कॅप्सूल असण्यावर ठरत नाही.

तेव्हा मुलाखतीत हा विषय निघाला तर तीन गोष्टी सांगा : कुठली कॅप्सूल, कुठल्या प्राण्यात, आणि नेमकी कशापासून वाचवते. आणि कुणी "कशावरून?" विचारलं, तर माझ्यासारखे गप्प बसू नका.