सचित्र पोस्टकार्डें आणि शहापूर-मुरबाडकडील वेष

जुना कागद हातीं आला म्हणजे अक्षराचें वळण, तिथि व शिक्का तपासून मगच त्यांतील मजकुरावर आपण विश्वास ठेवितों. इंग्रजी अमदानींतील सचित्र पोस्टकार्ड मात्र नुसतें चित्र पाहून प्रमाण मानलें जातें, हें आम्हांस युक्त वाटत नाहीं. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कातकरी, ठाकर व महादेव कोळी यांच्या वेषाविषयीं अशा चित्रांवर भिस्त ठेवतांना तर अधिकच सावधगिरी हवी.

या कार्डांची परंपरा जुनी आहे. विल्यम जॉन्सन यानें मुंबईंतील जातिजमातींचीं छायाचित्रें १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केलीं. त्यांत एके ठिकाणीं टिपलेल्या आकृती दुसऱ्याच देखाव्यावर जोडलेल्या आहेत. मनुष्य खरा, पण भोंवतालची भूमि त्याची नव्हे! पुढें कार्डांचा काळ आला, तेव्हां पुष्कळ कार्डें जर्मनींत छापलीं जात. मूळ छायाचित्रास रंग नसे. तो छापतांना चढवीत. ज्या कारागिरानें ठाकर स्त्रीचें लुगडें कधीं पाहिलें नाहीं, त्यानें दिलेला रंग त्या लुगड्याचा पुरावा कसा व्हावा? आखूड नेसण्याची तऱ्हा किंवा गळ्यांतील मण्यांच्या माळा छायाचित्रांत उतरतात, त्यांस कांहीं मोल आहे. परंतु पडदा लावून बसविलेल्या चित्रांत त्याही उसन्या असूं शकतात.

मथळ्याचाही असाच विचार करावा. ठाणें जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरांत कातकऱ्यांचे सोन व ढोर, ठाकरांचे क व म असे भेद नोंदले आहेत. ती नोंदही सरकारी दृष्टीचीच. तथापि केवळ 'डोंगरी लोक' म्हणणाऱ्या मथळ्याहून ती सूक्ष्म आहे. अशा कार्डावर गांवाचा उल्लेख नसतां 'शहापूरचा कातकरी' अशी चिठ्ठी लावणें म्हणजे बनावट सनद तयार करणें होय.

संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, कार्ड आल्बमांत चिकटवून त्याची पाठ झांकूं नये. विलायतेंत १९०२ सालीं पत्त्याच्या बाजूस मजकूर लिहिण्याची मुभा मिळाली. म्हणून पाठ अखंड कीं दुभागलेली, हें कालनिर्णयास उपयोगी पडतें. शिक्का, छापखान्याचें नांव व मूळ मथळा जसाच्या तसा उतरून घ्यावा; आपला तर्क निराळा लिहावा. या लोकांच्या घरीं दफ्तरें नाहींत. त्यांच्या पूर्वजांची मुद्रा अशा एखाद्या कार्डावरच उरली असेल, तर तिला चुकीचें नांव चिकटविण्याचा अधिकार आपणांस नाहीं.