डोपामीन हे ‘आनंदाचे रसायन’ आहे काय?

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, आणि आता शिक्षकांपुढील व्याख्यानांतही, डोपामीनची ओळख ‘आनंदाचे रसायन’ अशी करून दिली जाते. बक्षीस द्या, डोपामीन वाढेल, मूल आनंदाने शिकेल, असा सोपा हिशेब मांडला जातो. तो मुळातच चुकीचा आहे.

हिंगोली-वसमतच्या बाजारात हळद नेणारा शेतकरी मनात एक भाव धरून जातो. तेवढाच मिळाला तर नवे काही कळत नाही. जास्त मिळाला तर पुढच्या खेपेला तो त्याच आडत्याकडे जातो. कमी मिळाला तर दुसरा शोधतो. मध्यमेंदूतील डोपामीनच्या पेशी अशाच फरकाची नोंद घेतात. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडाला अवचित फळाचा रस मिळाला की या पेशी जोराने चेतत. रसाआधी खुणेचा दिवा लागतो हे माकड शिकले, की पेशी दिव्यालाच चेतू लागत आणि रस आला तरी स्वस्थ राहत. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या वेळी त्यांचे नेहमीचे चेतणेही मंदावे. शुल्ट्झ, डायन व माँटेग्यू यांनी १९९७ साली याचा अर्थ लावला: अपेक्षा आणि प्राप्ती यांतला फरक. वहीवर रोज न चुकता मिळणाऱ्या ‘शाबास’चे तेज का ओसरते, हे यावरून उमगू लागते. (अर्थात माकडाच्या पेशींवरून वर्गाचे नियम काढण्याची घाई मीही करणार नाही.)

आनंदाचे काय? डोपामीन जवळजवळ नष्ट केलेले उंदीर समोरचे अन्नही खात नाहीत, भरवावे लागतात. पण जिभेवर साखरपाणी घातले की पूर्वीसारखेच चाटतात. गोडी शाबूत असते, त्यासाठी हालण्याची ओढ जाते.

हालचालीचा धागा आपल्या सर्पगंधेपर्यंत पोचतो. तिचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडला. पुढे तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले. ते टोचल्यावर निपचित पडलेले ससे एल-डोपा देताच पुन्हा हालू लागले, हे स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली दाखवले. कंपवातावरचे आजचे मुख्य औषध तेच.

कंपवातात या पेशी झिजतात. चेहरा निर्विकार होतो, पाऊल अडते. घरचे म्हणतात, आजोबा उदास झाले. ‘आनंदाचे रसायन’ ऐकलेला शिक्षकही मान डोलावतो, आणि दवाखाना लांबतो. उदासी या रोगात येतेही, पण अडलेले पाऊल म्हणजे उदासी नव्हे.

२००४ साली अमेरिकेत असे आढळले, की औषध न घेतलेले रुग्ण चुकीच्या निवडीतून अधिक शिकतात, घेतलेले बरोबर निवडीतून. डोपामीनसारखे काम करणाऱ्या काही गोळ्यांनी तर एखाद्या शांत गृहस्थाला जुगाराचा नाद लागतो. घरात लाजेने ते लपवले जाते. डॉक्टरांना सांगितले, तर गोळी कमी करून किंवा बदलून तो नाद बहुधा सुटतो.