निनवेचे दोन निवाडे

हिब्रू धर्मग्रंथातील ईश्वरी न्यायनिवाड्याची वचने आधुनिक वाचकाला अस्वस्थ करतात. त्यांवर रूपकार्थ चढवून ती मवाळ करण्याची प्रथा जुनी आहे. परंतु तिने प्रश्न सुटत नाही, केवळ नजरेआड होतो. त्यापेक्षा एकाच नगराविषयीचे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले, तर अडचणीचे खरे स्वरूप उमगते.

ते नगर निनवे, अश्शूरी साम्राज्याची अखेरच्या शतकातील राजधानी. या साम्राज्याने इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन जिंकून इस्राएलचे उत्तरेकडील राज्य संपविले आणि इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदातील लाखीश पाडले. निनवेच्या राजवाड्यात कोरलेली त्या विजयाची शिल्पपटे, सुळावर चढविलेल्या बंद्यांसह, आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इ.स.पू. ६१२ मध्ये बाबिलोनी व मेदी सैन्यांनी निनवे उद्ध्वस्त केले. नहूमचे काव्य या पतनाविषयीचे आहे. त्यातील रथांचा खडखडाट आणि प्रेतांचे ढीग भयंकर खरे. परंतु तो जेत्याचा उन्माद नव्हे, चिरडल्या गेलेल्यांचा सुटकेचा निःश्वास होय.

योनाच्या ग्रंथात याच नगराला क्षमा मिळते. त्याची घोषणा मुळात अवघ्या पाच शब्दांची आहे : चाळीस दिवसांची मुदत, आणि मग नगर उलथणार. येथील ‘हाफाख’ हा धातू सदोमच्या विनाशकथेतही येतो. मात्र ‘पालटणे’ हाही त्याचा अर्थ आहे. होशेयच्या ग्रंथात दंड देऊ पाहणाऱ्या ईश्वराचे अंतःकरणच या क्रियापदाने पालटते. निनवेकर पश्चात्ताप करतात, तेव्हा घोषणा एका अर्थाने खोटी आणि दुसऱ्या अर्थाने खरी ठरते. निवाडा येथे भविष्यकथन राहत नाही. तो प्रतिसादाची वाट पाहणारी हाक होतो.

तथापि, एवढ्यावर थांबल्यास योनावर अन्याय होईल. त्याच्या संतापाला संकुचित वृत्ती म्हणणे सोपे आहे; पण ज्यांना क्षमा मिळाली, ते त्याच्या वाचकांच्या पूर्वजांचे संहारक होते. दंड आजच्या वाचकाला जड जातो, क्षमा पीडिताला.

दोन्ही ग्रंथ प्रश्नानेच संपतात, हे लक्षणीय आहे. नहूम विचारतो, निनवेच्या क्रौर्यातून कोण सुटले? योनाला ईश्वर विचारतो, एक लक्ष वीस हजारांहून अधिक अजाण माणसे आणि इतकी गुरेढोरे यांची कीव येऊ नये काय? बारा संदेष्ट्यांच्या एकाच संग्रहात परंपरेने हे दोन्ही प्रश्न राखले. एकाने दुसऱ्याला खोडले नाही. या कठीण वचनांच्या वाचनाची रीतही हीच असावी.