मुंबईचें सुप्रीम कोर्ट व सर जॉन माल्कम : दोन चरित्रग्रंथांचा विचार

मुंबईचें रेकॉर्डरचें कोर्ट मोडून त्याच्या जागीं १८२४ सालीं राजाचें सुप्रीम कोर्ट स्थापन झालें. या फेरबदलांतून कंपनी सरकार व न्यायाधीश यांच्यांत जो कलह माजला, त्याच्या अभ्यासकास दोन ग्रंथ हाताशीं घ्यावे लागतात : के याचें माल्कमचरित्र (१८५६) व ड्रूइट याचें सर एडवर्ड वेस्टचें चरित्र (१९०७). पहिला गव्हर्नराचा कैवारी, दुसरा न्यायाधीशांचा. त्यांच्या वाचनानें वाद ‘अधिकार कोणाचा’ या एकाच प्रश्नावर येऊन थांबतो. आमच्या मतें हा प्रश्न अपुरा आहे.

हकीकत थोडक्यांत अशी. पुण्यास पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यांत असलेल्या मोरो रघुनाथ या अज्ञान मुलास हजर करावें, असा हेबियस कॉर्पसचा हुकूम कोर्टानें १८२८ मध्यें काढला. पुणें कोर्टाच्या हद्दीबाहेर, असें म्हणून माल्कमनें तो अंमलांत येऊं दिला नाहीं. वेस्ट ऑगस्टांतच वारला होता. ऑक्टोबरांत चेंबर्सही वारला. एकटा उरलेल्या ग्रँटनें १ एप्रिल १८२९ रोजीं कोर्टच बंद केलें.

पुढें प्रिव्ही कौन्सिलनें कोर्टाविरुद्ध निकाल दिला. माल्कमच्या पक्षपात्यांस एवढें पुरेसें वाटतें. परंतु वरिष्ठांचा निकाल लागण्यापूर्वींच हुकूम न मानण्याचें गव्हर्नरानें ठरविलें, या कृतीचें समर्थन मागाहून मिळालेल्या निकालानें होत नाहीं. शिवाय बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो याचें माल्कमला लिहिलेलें पत्र पाहावें. दोन माणसाळलेल्या हत्तींमध्यें रानहत्ती चालवावा, तशी ग्रँटची गत होईल, असा त्याचा आशय. आणि मुख्य न्यायाधीश नेमला तो कोण? सरकारचाच अ‍ॅडव्होकेट जनरल ड्युअर! हद्दीचा वाद कायद्यानें मिटला. न्यायासनावर कोणीं बसावें, हें मात्र वादांतील एका पक्षाच्या सोयीनें ठरलें.

ग्रँटही सर्वथा निर्दोष नव्हे. कोर्ट बंद झाल्यानें गव्हर्नराचें विशेष अडलें नाहीं. दाद मागणाऱ्या मुंबईकर रयतेचें अडलें.

दोन्ही ग्रंथांची भिस्त इंग्रजी कागदांवर आहे. ज्या मुलासाठीं हा प्रसंग घडला, त्याचें हित कशांत होतें, हें पुण्याच्या दप्तरांत व त्याच्या घराण्याच्या कागदांत शोध केल्यावांचून ठरणार नाहीं. तें काम मराठी संशोधकांचें आहे.