चप्पल टोचत नाही, एवढे पुरे आहे का?

अपंग व्यक्तींना साधने वाटण्याच्या शिबिरांत चाचणी बहुधा एका प्रश्नावर संपते: ‘टोचतं का?’ ‘नाही’ म्हटले की साधन पास. चंद्रपूर-गडचिरोलीत ही कसोटी फसवी ठरते. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापली, ती याच भागातील कुष्ठरुग्णांसाठी. या रोगात मज्जातंतूंना इजा होऊन तळवा बधिर होतो. खडा रुतला तरी कळत नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडून जखम होते, हे पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. म्हणून मायक्रोसेल्युलर रबराची मऊ चप्पल देतात. ती भार अधिक क्षेत्रफळावर पसरवते, त्यामुळे दाब घटतो. वर्गात ओल्या मातीवर खडू उभा आणि आडवा दाबून पाहा.

आमच्या मते बधिर पायाला विचारून उपयोग नाही; तो पाहिला पाहिजे. थोडे चालवून लाली व ऊब कुठे टिकते ते तपासावे. तेही फरशीवर नव्हे, धानाच्या बांधावर, पावसाळी चिखलात. ज्या चपलेवरून लोक रोग ओळखतात, ती घरीच पडून राहते, तीही नापासच. वाटलेल्या जोडांची संख्या म्हणजे चाचणीचा निकाल नव्हे.