अनपेक्षित कृती आणि रचनाकाराचे कर्तृत्व : मेजावरील भूमिका-खेळांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :

कादंबरीतील पात्राची कृती अखेर लेखकाच्याच हाती असते. मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत मात्र खेळाडू कोणत्याही क्षणी रचनाकाराने न कल्पिलेली कृती करू शकतो. ही कृती रचनेचा दोष मानावी की तिचे प्राणतत्त्व, हा प्रस्तुत लेखाचा विचारविषय आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

या प्रश्नाचे मूळ प्रशियातील युद्धखेळात आढळते. १८२४ मध्ये धाकट्या राइसविट्झ यांनी सिद्ध केलेल्या 'क्रीगस्पील'मध्ये फासे व कोष्टके यांच्या जोडीला पंचाची योजना होती. पुढे १८७६ मध्ये व्हर्डी द्यु व्हर्न्वा यांनी कोष्टकांपेक्षा अनुभवी पंचाच्या विवेकाला प्राधान्य दिले. १९६९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेसली यांनी 'ब्राउनस्टाइन' हा खेळ घेतला. त्यात दोन खेळाडूंनी परस्परांना द्वंद्वाचे आव्हान दिले. त्यासाठी नियमच नव्हते. वेसली यांना प्रयोग फसल्यासारखा वाटला, परंतु खेळाडूंनी पुन्हा तसाच खेळ मागितला. त्या खेळाडूंपैकी डेव्ह आर्नेसन यांनी गॅरी गायगॅक्स यांच्यासमवेत रचलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजेच या प्रकाराचा जन्मच अनपेक्षित कृतीतून झाला, असे म्हणता येईल.

विवेचन :

असे असूनही रचनाकारांना कथानकाचा मोह सुटला नाही. १९८४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'ड्रॅगनलान्स' साहसमालिकेत महत्त्वाच्या पात्राचा मृत्यू संदिग्ध ठेवण्याची सूचना आढळते, जेणेकरून ते पात्र पुढे परत आणता यावे. या मालिकेने खेळाला महाकाव्यात्म विस्तार दिला, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. तथापि, ज्या मरणाने कथानकात काहीच बदलत नाही, ते पत्करण्याच्या धाडसालाही अर्थ उरत नाही.

याउलट, संचालकाने खेळाडूच्या प्रत्येक लहरीस मान तुकवली, तर रचना मुक्त होते काय? तसे होत नाही. खेळाडूंनी डावी वाट धरली काय किंवा उजवी, संचालकाने तोच राक्षस समोर उभा केला तर निवड पोकळ ठरते. आणि कोणतीही युक्ती विनासायास फळली तरीही ती पोकळच ठरते. दोन्ही ठिकाणी कृतीला प्रतिकार करणारे जगच नसते. स्वातंत्र्य केवळ पर्यायांच्या संख्येत नसून परिणामांच्या अटळतेत असते.

या दृष्टीने व्हिन्सेंट बेकर यांचा 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) उल्लेखनीय ठरतो. संचालकाने कथानक आधी ठरवू नये, असे त्याचे नियमच सांगतात. दोन फाशांची बेरीज, पात्राच्या गुणांकासह, दहा किंवा अधिक झाल्यास यश मिळते. सात ते नऊ आल्यास बहुधा किंमत मोजून यश मिळते. सहा वा कमी आल्यास संचालकाला प्रतिचाल करता येते. त्यामुळे अनपेक्षित कृती पंचाच्या मर्जीवर न राहता नियमांच्या कक्षेत येते. मात्र ती प्रतिचाल कोणती असावी, हा विवेक अखेर संचालकाकडेच उरतो. ही मर्यादा व्हर्डी यांच्या काळापासून कायम आहे.

निष्कर्ष :

सारांश, रचनाकाराने घटनाक्रम न लिहिता परिस्थिती सिद्ध करावी : कोणाला काय हवे आहे, त्याच्यापाशी कोणती साधने आहेत आणि खेळाडूंनी काहीच केले नाही तर काय घडेल. एवढे निश्चित असल्यास खेळाडूच्या कोणत्याही कृतीला प्रामाणिक उत्तर देता येते. अशा रचनेत कर्तृत्व नष्ट होत नाही. ते कथेच्या शेवटाकडून जगाच्या सुसंगतीकडे वळते. साहित्यविचारालाही संहितेच्या या वेगळ्या रूपाची दखल घ्यावी लागेल.